कागदाची जमीन

निपाणी, शुक्रवार, तारीख ११ नोव्हेंबर १९३८, सकाळी सव्वानऊ. उंबऱ्यावर बसून, दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला ठेवून, आत न बघता.

तीर्थरूप आक्का हिस धाकटा भाऊ पारिसा याचा वाकून नमस्कार आणि जय जिनेंद्र. तुझी, दाजींची आणि मुलांची प्रकृती सदलग्यात चांगली असेल असे मी धरून चालतो, कारण तीन वर्षांत तुझे पत्र नाही, आणि काही वाईट असते तर बाजारच्या दिवशी कोणीतरी ते इथे आणून टाकलेच असते. इकडे आप्पांना खोकला आहे, पण तो नेहमीचाच. (वखार बंद असते त्या दिवशीही ते खोकतात, म्हणजे तो तंबाखूचा नाही, सवयीचा आहे.) माझी झोप कमी झाली आहे. त्याचे कारण खाली सविस्तर लिहितो. तू आपल्या घरी पाय न ठेवण्याचा नेम घेतला आहेस, त्याविषयी या पत्रात एक अक्षरही लिहायचे नाही असे मी ठरवले आहे आणि ते मी पाळणार आहे. हे पत्र फक्त कागदाविषयी आहे.

दिवाळी झाल्यावर बाळगोंडाकाका (तेच, ज्यांनी आजवर अकरा लग्ने जुळवली आणि त्यांतली नऊ टिकली असे ते स्वतः सांगतात) मला बेळगावला घेऊन गेले. शहापुरात आण्णाप्पा म्हणून धान्याचे व्यापारी आहेत, त्यांची मुलगी कमला मला दाखवायची होती. मुलगी मराठी सातवी पास, म्हणजे माझ्यापेक्षा एक इयत्ता पुढे. त्यामुळे मी तिच्याकडे बघायचे टाळले आणि घराकडे बघितले. खाली शहाबादी फरशी होती, इतकी स्वच्छ की माझ्या पायांचा घाम तिच्यावर उमटला आणि मी उठून दुसरीकडे बसलो तरी ती दोन पावले तिथेच राहिली. मुलीची आत्या इंदुताई त्या पावलांकडे बघत म्हणाल्या, "आमच्या कमळाला शेणाची सवय न्हाई हो. सारवायचं तिच्याच्यानं व्हायचं न्हाई. तुमच्याकडं फरशी असंलच की." मला नाही म्हणायचे होते. तो शब्द तोंडात तयार होता. पण मी म्हणालो, "आहे की." कसली आहे, असे त्यांनी विचारले तेव्हा माझी नजर खुंटीवरच्या आण्णाप्पांच्या कोटावर होती. मी म्हणालो, "तपकिरी."

परतीच्या मोटारीत बाळगोंडाकाका संकेश्वरपर्यंत डुलक्या घेत आले. मग म्हणाले, "तपकिरी फरशी कुटं बगिटलास रं तू?" मी म्हणालो, कुठेच नाही. ते म्हणाले, "तेरा तारखेला, रविवारी, घर बगायला येनार हायत ती. चार घरनं तुला नको म्हनून झालंय. हे पाचवं. हितनं म्होरं तुझं नाव मी कुटं काढणार न्हाई. तवर तपकिरी कर."

दगडी फरशी घालायला गवंड्याने सेहेचाळीस रुपये सांगितले. वखारीत मला महिना चौदा मिळतात. मी बेरजा करून पाहिल्या, पण कशाही केल्या तरी त्या तेरा तारखेच्या आत बसत नव्हत्या. तेव्हा बाजारात लोखंडी ट्रंका रंगवणारा मष्णू भेटला. हा मूळचा शहापूरचा विणकर. माग विकल्यावर तो बेळगावच्या कॅम्पात एका बंगल्यावर रंगकामाला होता, आणि त्या बंगल्यातल्या मडमेने एका खोलीची जमीन कागदाची करून घेतली होती. कृती अशी आहे. कापडाची ठाणे ज्या जाड तपकिरी कागदात बांधून येतात तो कागद तळहाताएवढा फाडायचा (कापायचा नाही, कापलेली कड दिसते, फाटलेली दिसत नाही), चुरगाळायचा, पुन्हा उलगडायचा, खळीत बुडवायचा आणि कडेवर कड चढवत जमिनीवर बसवायचा. वाळला की जवसाच्या तेलात राळ उकळून केलेले रोगण वरून द्यायचे. सुरकुत्यांत (हा शब्द मी पोस्टमास्तरांना विचारून लिहिला आहे) रोगण गडद बसते आणि जमीन दगडासारखी नाहीतर चामड्यासारखी दिसते. मी दगड हा शब्द धरला आणि चामडे सोडून दिले. मष्णू म्हणाला, "मड्डम बूट घालून चालायची त्याच्यावर. नाचायची बी. फाटलं न्हाय."

त्याने मला बजावून सांगितलेले मी बरेचसे मोडले, ते इथे कबूल करतो. खळीत सरस घाल म्हणाला होता. सरस हाडाकातड्याचा करतात हे तुला ठाऊक आहे, आपल्या घरात तो कसा येणार? मी विणकर सुताला लावतात तशी चिंचोक्याची खळ केली. रात्री काम कर, सावकाश वाळते, असेही म्हणाला होता. पण दिव्यावर येणारे जीव खळीत पडून मरतील म्हणून मी सूर्य मावळायच्या आत हात धुवत होतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, जुनी सारवलेली जमीन आधी खरवडून काढ म्हणाला होता. मी खुरपे घेऊन बसलोही होतो. देवघराच्या भिंतीपाशी मुंग्यांची रांग दिसली. त्यांनी आपणहून जावे म्हणून परसात अर्धा शेर पीठ टाकले आणि दोन दिवस वाट पाहिली. मुंग्या गेल्या (पीठही गेले). पण त्या जमिनीत आणखी कोण कोण राहत असेल ते खुरप्याने कसे विचारणार? शिवाय दुसरेही एक कारण होते, ते मी तेव्हा स्वतःलासुद्धा सांगितले नाही. खुरपे परत खुंटीला लावले आणि कागद जुन्या सारवणावरच बसवायचे ठरवले.

आप्पांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले की कागदावर ते पाय देणार नाहीत. "कागूद म्हंजे विद्या. त्याच्यावर पाय दिऊन मी कुटं जाऊ?" मी म्हणालो, आप्पा, हा कोरा कागद आहे, याच्यावर काही लिहिलेले नाही. ते म्हणाले, "अजून न्हाई लिवलं. उद्या कोन लिवलं तर?" तेव्हापासून ते बाहेरच्या सोप्यावर झोपतात, सोप्यावर जेवतात आणि देवाला उंबऱ्याबाहेरून हात जोडतात. शेजारच्या जयवंताकाकू नवी जमीन बघायला आल्या, त्या प्रत्येक पावलाला वाकून खाली हात लावायच्या आणि तो कपाळाला लावायच्या. दारापासून देवघरापर्यंत त्या नऊ वेळा वाकल्या, कंबर धरून उभ्या राहिल्या, आणि परत नऊ वेळा वाकणे झेपणार नाही म्हणून खिडकीतून बाहेर जाते म्हणाल्या. (खिडकीला गज आहेत.) इंदुताई रविवारी अशाच वाकल्या तर काय, या काळजीत मी तो सगळा दिवस घालवला. ती काळजी आता मला फार लहान वाटते.

कागद बसवला तो रविवार तीस ऑक्टोबरला, उजाडल्यापासून मावळेपर्यंत. सोमवारी दुपारी बारा वाजता वखारीतून जेवायला आलो. आप्पा सोप्यावर डोळे मिटून पडले होते. मी दार ढकलले. देवघराच्या भिंतीपाशी, हातभर रुंदीत, माझे कागद कोणीतरी ओल्या हाताने पुसल्यासारखे सपाट झाले होते आणि त्यांच्यावर कमानी उठल्या होत्या. सारवणाऱ्या बाईच्या बोटांनी उठतात तशा, अर्ध्या चंद्रासारख्या, एकीत एक अडकवलेल्या. पण नेहमी अशा कमानीत चार रेघा असतात. या कमानीत तीन होत्या. आधी एक रेघ, मग मोकळी जागा, मग दोन रेघा.

आव्वाच्या उजव्या हाताचे मधले बोट उसाच्या चरकात गेले तेव्हा तू चार वर्षांची होतीस. मी तर तो हात तसाच पाहिला. लहानपणी मला वाटे की सगळ्यांच्या आयांना एका हाताला चारच बोटे असतात. त्या हाताची सारवलेली जमीन मी अंधारातही ओळखली असती, पण त्या वेळी दुपारचे बारा वाजले होते आणि ऊन थेट देवघरापर्यंत आले होते.

मी घाबरलो नाही. म्हणजे घाबरलो, पण आधी कारण शोधले. कागद वाळताना आवळतो, त्यामुळे खालच्या सारवणाच्या रेघा वर उमटणार. हे पटण्यासारखे होते आणि मी तासभर पटवून घेतले. अडचण एवढीच होती की आव्वा जाऊन तीन वर्षे झाली, आणि तेव्हापासून दर शुक्रवारी बाळाबाई सारवायला येते. अगदी कागद बसवायच्या दोन दिवस आधीसुद्धा तीच सारवून गेली होती. तिच्या हाताला सगळी बोटे आहेत आणि ती सगळी वापरते.

मंगळवारी सकाळी वखारीत जायच्या आधी मी त्या भागावर कागदाचा दुसरा थर चढवला. संध्याकाळी साडेपाचला परत आलो तर कमानी दुसऱ्या थरावर होत्या आणि खोलीच्या मधल्या खांबापर्यंत पोहोचल्या होत्या. माझ्या हातून राहिलेले फुगे गेले होते. मी चार ठिकाणी नखाने उचकटून पाहिले, कागद निघाला नाही. खरे लिहायचे तर काम माझ्यापेक्षा चांगले झाले होते. पण मला त्यात बरे वाटले नाही, कारण सारवायची रीत तुला माहीतच आहे. बाई भिंतीपाशी बसते आणि मागे मागे सरकत येते, म्हणजे आपल्याच ओल्यावर आपला पाय पडू नये. या कमानी तशाच सरकत येत होत्या. भिंतीपासून दाराकडे. आणि दारात मी उभा होतो.

शुक्रवारी बाळाबाई शेणाची पाटी घेऊन आली. तिला मी सोप्यावरच थांबवून सांगितले की आता सारवायचे नाही, कागद बसवला आहे. तिने मान लांब करून आत पाहिले, पाटी खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवले. "दुसरी बाई लावलीसा व्हय? सांगायचं तरी. म्या काय भांडलो असतो काय?" मी म्हणालो, कोणी लावलेली नाही. ती म्हणाली, "मला डोळं हायत न्हवं आण्णा. ही बोटाला कमी हाय कोन तरी. पर हात लई चांगला हाय तिचा. कुटली म्हनायची?" बाळाबाई आपल्याकडे आली ती आव्वा गेल्यानंतर. तिने आव्वाला कधी पाहिलेले नाही. मी सोप्यावर सगळीकडे पाहिले, पण आप्पा पलीकडे तोंड करून खोकत होते. बाळाबाईने आजचा आणा मिळणार का ते विचारले, दुसऱ्या बाईला किती देता तेही विचारले, आणि पाटी उचलून गेली.

तिच्या बोलण्यावरून मला एक गोष्ट सुचली आणि मी परसात जाऊन जळणाचा ढीग उपसायला लागलो. शेणीवर थापणाऱ्या बाईचा पंजा उठतो. ढिगाच्या अगदी तळाशी, ओल न लागलेली, एक आव्वाच्या हातची शेणी अजून होती. पंजा स्पष्ट होता, मधल्या बोटाच्या जागी बोटाचा फक्त थोटका ठसा. मी ती धुळीतून उचलून, फुंकर मारून आत नेली आणि फूटपट्टी घेऊन मोजमाप केले. बोटांची चाल तीच होती. फक्त कागदावरच्या कमानी शेणीवरच्या हातापेक्षा अर्धा इंच रुंद भरल्या. कागद ओला असताना फुगतो, म्हणून तसे झाले असेल असे मी धरले आणि वहीत तसे लिहून ठेवले. शेणी देवघराशेजारी फडताळात ठेवली आहे. जाळणार नाही.

खांबापासून उंबऱ्यापर्यंतचा कागद जयवंताकाकूंच्या वाकण्याउठण्याने जागोजागी सुटला होता. परवा बुधवारी सकाळी लवकर उठून मी त्याच्यावर नवा थर बसवला. आप्पांना खातेउताऱ्यासाठी चिकोडीला जायचे होते, त्यांना साडेआठच्या मोटारीत मी स्वतः बसवले आणि मोटार वळणापलीकडे जाईपर्यंत उभा राहिलो. वखारीत पोट दुखते म्हणून कळवले (नंतर ते खरोखरच दुखू लागले). मग दाराला कुलूप लावले, किल्ली करगोट्याला बांधली, आणि दाराला पाठ लावून सोप्यावर बसलो. परसाकडचे दार आतून अडसर घालून बंद होते. खिडकीचे गज तुला आठवत असतील. लहानपणी तुझे डोके त्यांत अडकले होते आणि लोहार आणावा लागला होता.

बारा वाजून दहा मिनिटे झाली असताना आतून आवाज आला. मोठा नव्हे. ओला तळहात जमिनीवरून फिरतो तसा, सर्र, जरा थांबून पुन्हा सर्र. तीन वेळा झाले की थोडा जास्त थांबा, पाण्यात हात बुडवून निथळून घ्यायला लागतो तेवढा. बांगड्यांचा आवाज नव्हता. त्यावरून मला धीर यायला हवा होता, पण आव्वा सारवायला बसली की बांगड्या कोपरापर्यंत वर सारत असे. मी मोजत राहिलो, कारण मोजताना मला कमी भीती वाटते. एकशे चौदापर्यंत मोजले. आवाज दरवेळी थोडा जवळ येत होता. शेवटी तो इतका जवळ आला की दाराच्या फळीतून माझ्या पाठीला गार लागले, आणि मग थांबला. रस्त्यावर एक तंबाखूची गाडी चालली होती. तिच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज संपेपर्यंत मी हललो नाही.

मग करगोट्याची किल्ली सोडून कुलूप काढले. दार उघडल्याबरोबर ओल्या शेणाचा वास आला. घरात बारा दिवस शेण आलेले नव्हते, आणि खळीचा वास आंबूस असतो, हा तो नव्हता. सकाळी मी बसवलेल्या कागदावर, खांबापासून उंबऱ्याच्या आत हातभर अंतरापर्यंत, कमानी ओल्या चकाकत होत्या. आत कोणी नव्हते. परसाकडचा अडसर जागेवर होता. ओल्या कागदावर एकही पाऊल नव्हते. मी फडताळातली शेणी आणायला भिंतीच्या कडेकडेने गेलो आणि परत आलो, आणि ती ताज्या कमानीवर धरली. या वेळी अर्धा इंच जास्त नव्हता. बरोबर जुळली.

काल रोगण दिले. उंबऱ्याच्या आतली हातभर पट्टी तेवढी सोडून दिली, तिच्यावर हात टाकायचे माझ्याच्याने झाले नाही. आक्का, ही जमीन आता इतकी सुंदर दिसते की मला ती बघवत नाही. रोगण रेघांत गडद बसले आहे आणि ऊन आले की सगळी खोली भिंतीपासून दारापर्यंत हलल्यासारखी वाटते. मष्णू बघायला आला होता. तो बराच वेळ ओणवा होऊन बघत बसला आणि मग हळूच म्हणाला, "कंगवा कुटला वापरलासा? मला सांगा, मी कुनाला सांगत न्हाई." मी सांगितले नाही. काय सांगणार?

उंबऱ्याजवळची पट्टी पाहिली की मला आव्वाचा शेवटचा दिवस आठवतो. श्रावणातला शुक्रवार होता आणि तू पंचमीला येणार म्हणून ती सकाळपासून घर सारवत होती. देवघरापासून सरकत सरकत दारापर्यंत आली, उंबऱ्याच्या आत टेकली, आणि तिथून उठली नाही. आम्ही तिला उचलले तेव्हा सगळी जमीन ओली होती, फक्त तिच्या दोन पावलांखालची जागा तेवढी कोरडी, सारवायची राहिलेली. दूधगंगेला पाणी आले होते, नाव सुटली नाही, तू दुसऱ्या दिवशी पोहोचलीस तेव्हा सगळे आटोपले होते. आणि आप्पा सगळ्यांच्या देखत म्हणाले, "तू येनार म्हनून राबली आनि गेली." तू देवघराकडे तोंड करून, या जमिनीवर परत पाय ठेवणार नाही म्हणून नेम घेतलास आणि त्याच पावली बाहेर पडलीस. त्यानंतर आप्पा तुझे नाव काढत नाहीत. पण दर पंचमीला ते दिवसभर सोप्यावर बसून रस्त्याकडे बघतात आणि विचारले तर मोटारी मोजतो म्हणतात. (वर मी नेमाविषयी लिहिणार नाही म्हटले होते. हे लिहिणे नव्हे, आठवणे आहे.)

असो. इकडची हकिकत ही एवढी. तुला त्रास द्यावा असा हेतू नाही, फक्त कोणाला तरी सांगावे आणि ते तो हात ओळखणारे माणूस असावे, म्हणून लिहिले. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. रोगणाचा वास डोक्यात गेल्यामुळे अक्षर जरा हलले आहे ते सांभाळून घे.

तुझा,
पारिसा

ता. क. लिहायचे राहिले. इंदुताईंनी बाळगोंडाकाकांकडून विचारले आहे की रविवारी त्यांना आत घ्यायला घरातले बाईमाणूस कोण असेल. फरशीचे मी निभावले, पण बाईमाणूस मला कागदाचे करता येत नाही. आता तुझ्या नेमाबद्दल. नेम मोडायला मी कधीही सांगणार नाही. पण तुझा नेम जमिनीचा आहे, आणि आपल्या घरात आता भिंतीपासून भिंतीपर्यंत कागद आहे, कुठे दोन थर, कुठे तीन. गेल्या शनिवारी बस्तीत दर्शनाला गेलो तेव्हा तिथल्या उपाध्यांना मी हे विचारले. ते म्हणाले, बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. आले, आठ वेळा वाकले, आणि म्हणाले, जमिनीला पाय लागत नाही एवढे खरे. आक्का, शहापुरात मी "आहे की" म्हणालो तेव्हा फरशी माझ्या मनात नव्हती, आणि मुलीकडे तर मी पाहिलेच नव्हते. इंदुताई माझ्या ओल्या पावलांकडे बघत होत्या आणि मला एकदम वाटले की खालची जमीन बदलली तर तू येऊ शकशील. खुरपे न चालवण्याचे दुसरे कारणही तेच. तू येशील तेव्हा खाली आव्वाचे काहीतरी असावे.

ता. क. दुसरे, साडेदहा वाजता. पाकीट आणायला पोस्टात जाऊन आलो. येईपर्यंत उंबऱ्याजवळची पट्टी झाली होती. कमानी उंबऱ्याला येऊन टेकल्या आहेत, फक्त मधोमध दोन पावलांएवढी जागा कोरी ठेवली आहे. आप्पा रांजणापाशी हात धूत होते. त्यांच्या तीन बोटांना खळ होती आणि मधले बोट कोरडे होते. धोतराच्या गुडघ्यांवर तपकिरी डाग, तसे डाग मी गेल्या आठवड्यात धुतले होते आणि ते तंबाखूचे समजलो होतो. मी हातातले पाकीट खाली ठेवले. ते म्हणाले, "चिंचोकं नासत व्हतं. ढवळलं जरा." मी दोन पावलांच्या जागेकडे बघितले. ते हात पुसत म्हणाले, "तेवढं तिला ठिवलंय," आणि सोप्यावर जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसले. मी त्यांचा पंजा मोजू का विचारले, त्यांनी मोजू दिला. शेणीपेक्षा अर्धा इंच रुंद आहे. म्हणजे सोमवारचा हिशोब लागला, मंगळवारचा लागला आणि आजचाही लागला. बुधवारी ते चिकोडीत होते. जाण्यायेण्याची दोन्ही तिकिटे माझ्याजवळ आहेत. बुधवारचा हिशोब लागत नाही, आणि मी तो आता पुन्हा करणार नाही.

खर्च झाला तो असा. कागद बारा शेर, बारा आणे. चिंचोके पाच शेर, पाच आणे. जवसाचे तेल, दहा आणे. राळ, तीन आणे. मुंग्यांना पीठ, एक आणा. मष्णूला सल्ल्याबद्दल, दोन आणे. आप्पांची चिकोडीची मोटार, जाऊन येऊन आठ आणे. या पत्राचे पाकीट आणि जड झाल्यामुळे जादा तिकीट, दोन आणे. एकूण दोन रुपये अकरा आणे.

देणे राहिले ते असे. मष्णूचे दोन आणे (वर खर्चात धरले आहेत, अजून दिलेले नाहीत). बाळाबाईचे दोन शुक्रवार, दोन आणे. तुझी, उंबऱ्याच्या आत, दोन पावलांची जागा. खळ झाकून ठेवली आहे, रविवारपर्यंत टिकेल.